गिअरची गाडी

परभणीत जुन्या गाड्या विकणाऱ्याकडे मी ऑटोमॅटिक घ्यायची ठरवूनच गेलो होतो. डावा गुडघा दुखतो, बाजारातल्या गर्दीत क्लच दाबून जीव जातो. तिथं पन्नाशीच्या एक बाई होत्या. डोक्यावरचा पदर सारखा सावरत त्या एका गिअरच्या गाडीभोवती फिरत होत्या. जवळच खुर्चीवर त्यांचे यजमान बसले होते. लकव्यानं त्यांची डावी बाजू गेली होती.

विकणारा म्हणाला, "ताई, नवीनच शिकलात ना? ऑटोमॅटिक घ्या. लय सोपी हाय."

"सोपी हाय, कळतंय मला," बाई म्हणाल्या. "पण मग यांनी काय करायचं? जिंदगीभर जीप चालवली यांनी. मी क्लच दाबते, गिअर हे टाकतेत."

मला काही उमगेना. तेवढ्यात दोघं मैदानात चक्कर मारायला निघाले. बाई स्टेअरिंगवर, यजमान डावीकडच्या सीटवर. गाडी हिसके खाऊन बंद पडली. यजमान काहीतरी चिडून बोलले, बाई हसल्या. मग यजमानांचा उजवा हात गिअरवर गेला आणि गाडी सरळ चालू लागली.

याला वेडेपणा म्हणावं की शहाणपण, मला अजून कळलेलं नाही. आमच्या गाडीत माझी बायको त्याच डावीकडच्या सीटवर बसून नुसती खिडकीबाहेर बघत असते.

विकणाऱ्यानं विचारलं, "साहेब, तुमची ऑटोमॅटिक काढू का बाहेर?"

"आज राहू द्या," मी म्हणालो. "उद्या बायकोला घेऊन येतो."