एस्मेचा बूच

बूच वितळला तो डेंझिल बोलिथोच्या चुकीने. याबद्दल जत्रेच्या साऱ्या मैदानात दुमत नव्हतं, खुद्द डेंझिलचंही नव्हतं. बॉयलरमधलं पाणी पातळी दाखवणाऱ्या काचनळीच्या तळाला गेलं, भट्टीच्या माथ्यावरचा शिशाचा बूच तापून वितळला आणि वरची वाफ नि पाणी थेट विस्तवात उतरलं. एस्मे आधी गुरगुरली, मग खालून-वरून पांढरे लोट ओकत मैदानाच्या ऐन मधोमध थांबली. एस्मे म्हणजे बोलिथोंचं रस्त्यावरून चालणारं वाफेचं इंजिन. वय शंभरीपार, वजन हत्तींच्या हिशेबात, आणि घरातला मान सुनेपेक्षा थोडा वरचा.

बूच असतोच त्यासाठी. माणूस गाफील राहिला तर बॉयलर फुटण्याआधी विस्तव विझावा म्हणून. तरी इंग्लंडातल्या कॉर्नवॉलच्या वाफवाल्यांत बूच घालवणं म्हणजे स्वतःच्या लग्नाला उशिरा पोचण्यापैकी. लोक हसून सोडून देतात, पण विसरत नाहीत. डेंझिलच्या वडिलांनी, हेडलींनी, उभ्या आयुष्यात एकदाही बूच घालवला नव्हता, आणि ही गोष्ट विसरायची संधी त्यांनी कुणाला दिली नव्हती. आज तेच हेडली डेंझिलच्या पायाशी चहाच्या डब्यात होते. मार्चमध्ये गेले होते ते. आपली राख जत्रेच्या दिवशी एस्मेच्या भट्टीत टाकावी आणि तेव्हा सगळ्या इंजिनांनी शिट्ट्या द्याव्यात, एवढं एकच मागणं मागून गेले होते.

"बाबा, आजोबा चिडतील का?" स्टिअरिंगच्या चाकावरून टॅमसिननं विचारलं. ती नऊ वर्षांची.

"चिडलेच असतील," डेंझिल म्हणाला.

या इंजिनावर माणसं दोन लागतात. एक पुढे चाक फिरवणारा, दुसरा मागे पाणी, विस्तव आणि वाफ सांभाळणारा. डेंझिल चाकावरचा. मिसरूड फुटल्यापासून तो पन्नाशीपर्यंत चाकावरच. मागून हेडलींचा आवाज यायचा, "डावीकडे घे. डावीकडे म्हटलं ना, गाढवा," आणि हा डावीकडे घ्यायचा. आठवडाभर गावोगावचं दूध गोळा करणारा टँकर चालवायचा, तिथे कुणी गाढव म्हणत नसे, तर त्याला चुकल्यासारखं व्हायचं. आज पहिल्यांदाच तो मागे उभा होता. पण नजर चाकावरच्या माणसाची ती चाकावरच्या माणसाचीच. तो लेकीचे हात, चाकं वळवणाऱ्या साखळीची ढील, पुढचं गवत न्याहाळत राहिला आणि नाकासमोरची काचनळी बघायची राहून गेली.

लोर्ना, त्याची बायको, सासूला हाताला धरून गवतातून आली. आयरिसबाई ऐंशी ओलांडलेल्या. रविवारची टोपी घालून आल्या होत्या.

"किती वेळात पेटेल पुन्हा?" लोर्नानं विचारलं.

"आज नाही. गार व्हायला हवी, नवा बूच बसवायचा, आतून माथा तपासून घ्यायचा."

"मग उद्या?"

"उद्या जत्रा नाही. आणि महिनाअखेरीला बॉयलरचा परवाना संपतोय. नंतर सगळी उकलायची. पुन्हा कधी उभी राहील, सांगता येत नाही."

आयरिसबाईंनी डबा उचलला, रुमालानं पुसला आणि मांडीवर घेऊन खुर्चीत बसल्या. त्यांच्या हिशेबात 'पुन्हा कधी' नावाची तारीख नव्हती, हे सगळ्यांनाच दिसत होतं.

डेंझिललाही दिसत होतं. फक्त वाटत काही नव्हतं. दातवाल्यानं सुई टोचल्यावर गाल कसा होतो, आहे हे कळतं पण आपला वाटत नाही, तसं त्याचं मार्चपासून सगळ्याच अंगाचं झालं होतं. अंत्यविधीला तो पार्किंगची व्यवस्था बघत होता. चांगली बघितली, असं लोक म्हणाले.

लोर्नानं सारण भरलेल्या पेस्टी वाटल्या. त्यानं खाल्ली. मटण की बटाटा, ते कळलं नाही.

तेवढ्यात सिरिल नॅनकिव्हेल आले. हेडलींच्याच वयाचे, हात कोपरापर्यंत काळे. यांचंही इंजिन होतं, दुसऱ्या कारखान्यात बनलेलं, म्हणून हेडली त्याला जन्मभर 'सिरिलची किटली' म्हणत आले. उलट सिरिल एस्मेला 'हेडलीचं कपाट' म्हणत. दोघांची मैत्री होती असं म्हणता येणार नाही. पण एकाशिवाय दुसऱ्याला जत्रेत करमायचं नाही.

"काय रे पोरा, कपाट भिजवलंस?"

"भिजवलं."

"हं." सिरिलनी टोपी काढली. "आयरिस, माझी भट्टी लाल आहे. बोलून टाकलं. राग आला तर तसं सांग."

लोर्ना डेंझिलकडे बघायला लागली. टॅमसिनही. किटलीच्या भट्टीत हेडली, ही कल्पना जिवंत हेडलींसमोर कुणी काढली असती तर त्यानं दुसरा शर्ट घेऊन यायला हवा होता, अंगातला फाटलाच असता.

"तुला काय वाटतं, डेंझिल?" आयरिसबाईंनी विचारलं.

डेंझिलनं आत शोधलं. "मला काही वाटत नाहीये, आई," तो म्हणाला. बोलल्यावर त्याच्या लक्षात आलं, की हे खरं म्हणजे उत्तर नव्हतं.

"मला वाटतंय," आयरिसबाई म्हणाल्या. "माणूस साठ वर्षं माझ्या घरात चुलीपाशी बसून कुरकुरला. पुढच्या जत्रेपर्यंत मी त्याला फडताळात कुरकुरत ठेवणार नाही. चल सिरिल. तिथे गेल्यावर तो तुझं डोकं खाईल, ते तुझं तू बघ."

"खातच होता," सिरिल म्हणाले.

किटलीच्या भट्टीचं दार उघडलं तेव्हा तोंडावर झळ आली. आयरिसबाईंनी डबा फावड्यावर रिता केला. राख अपेक्षेपेक्षा जाड होती. फावडं डेंझिलनं आत सारलं. नुसती एक पिवळसर जीभ वर आली आणि गेली. सिरिलनी शिट्टीची दोरी ओढली, मग दुसऱ्या इंजिनानं शिट्टी दिली, मग तिसऱ्यानं, मग मैदानभर. टॅमसिननं कानांवर हात ठेवले. लोर्ना रडली. आयरिसबाईंनी झाकण लावलं आणि डबा पिशवीत टाकला. म्हणाल्या, चांगला डबा आहे.

"रिंगणात एक फेरी मारतो याला घेऊन," सिरिल म्हणाले. "माझ्या चाकावरच्याचा गुडघा गेलाय. चढतोस?"

डेंझिल चढला. चाक हातात आलं आणि हात आपोआप फिरायला लागले, साखळीची ढील काढत, दोन वेढे इकडे, दीड तिकडे. मागे भट्टीची ऊब पाठीला लागत होती, नेहमीसारखी. वळणावर त्यानं मुद्दाम जरा उशीर केला. मागून कुणी काही म्हणालं नाही. पुढच्या वळणावर आणखी उशीर केला, इंजिनाचं पुढचं चाक रिंगणाच्या दोराला घासायच्या बेतात आलं. त्यानं वळून मागे बघितलं. सिरिल काचनळीकडे बघत उभे होते.

"डावीकडे घ्यायचं ना?" डेंझिलनं विचारलं.

"तू चाकावर आहेस," सिरिल म्हणाले. "मला काय विचारतोस?"

डेंझिलनं डावीकडे घेतलं. आत काहीतरी हललं, दाताच्या सुईचा असर उतरायला लागल्यावर ओठाच्या कोपऱ्यात मुंग्या येतात तेवढंच, आणि पुन्हा जागच्या जागी बसलं. फेरी पूर्ण झाली.

संध्याकाळी एस्मेला दुसऱ्या इंजिनानं ओढून ट्रेलरवर चढवलं. गाडीत टॅमसिन आजीच्या खांद्यावर झोपली होती. सिरिल खिडकीपाशी वाकले.

"एक राहिलं. बूच घालवणाऱ्यानं सायडरच्या तंबूत सगळ्यांना पाजायचं असतं. आज कुणी मागणार नाही तुझ्याकडे. मी मागतोय. सायडरचा एकच मग."

डेंझिलनं तंबूकडे बघितलं. कनाती उतरत होत्या, सफरचंदाच्या दारूची पिंपं गाडीत चढली होती.

"बंद झालाय हो. देईन कधीतरी."

"बघू," सिरिल म्हणाले आणि दोनदा टपावर थाप मारली.

सायडरचा तो मग डेंझिलकडे अजून बाकी आहे.