पोपटी लावायला जागा

डिसेंबरच्या शेवटी एका सकाळी बाबांचा फोन आला. बाबा स्वतःहून फोन करतात तेव्हा एक तर नात्यातलं कुणीतरी गेलेलं असतं, नाहीतर टीव्हीचा रिमोट चालत नसतो. मी घाबरूनच उचलला.

"शेंगा भरल्यात," बाबा म्हणाले.

"कसल्या?"

"कसल्या म्हंजे? वालाच्या. पोपटी लावाची का यंदा?"

मी हो म्हणून टाकलं. इतक्या पटकन म्हटलं, की फोन ठेवल्यावर मला स्वतःचंच हसू आलं. लग्न होऊन ठाण्यात कोलशेतला आले त्याला जमाना झाला. तेव्हापासून हिवाळा म्हणजे माझ्यासाठी ओठ फुटणं आणि मुलांचा खोकला, यापलीकडे काही उरलं नव्हतं.

माझं माहेर शीळफाट्यावरून कल्याणच्या रस्त्याला लागलं की थोडं आत. आम्ही आगरी. भाताची कापणी झाली की त्याच शेतात ओल असेपर्यंत बाबा वाल टाकायचे. त्याला वरून पाणी लागत नाही. खालची ओल आणि रात्रीचं दव, एवढ्यावर तो वाढतो. सकाळी शेतावर गेलं की परकर गुडघ्यापर्यंत भिजायचा, पाय गारठायचे, आणि बांधावर ऊन येईपर्यंत आम्ही भावंडं काखेत हात घालून उभी राहायचो. मग आई फडक्यातून तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी काढायची. भाकरी गार झालेली असायची, पण उन्हाकडे पाठ करून खाल्ली की तिची चव काही वेगळीच लागायची. जानेवारीत शेंगा भरल्या की पोपटी. मडक्यात तळाला भांबुर्ड्याचा पाला, त्यावर मीठ-ओवा लावलेल्या शेंगा, मध्ये अंडी, रताळी, मसाला लावलेली कोंबडी. वरून पुन्हा पाला दाबून तोंड बंद करायचं. पाण्याचा थेंब नाही. मडकं शेतातच उपडं ठेवायचं, भोवती पेंढा आणि काटक्या रचून पेटवायचं. मडक्यावर पाणी शिंपडलं आणि ते चर्र करून उडून गेलं की झाली पोपटी. मग गोल बसून, बोटं भाजत, शेंगा सोलून खायच्या.

आई गेली त्या वर्षी पोपटी लागली नाही. पुढच्या वर्षी कुणी विषयच काढला नाही, आणि त्यानंतर ते तसंच राहून गेलं. आता बाबांनी ऐंशी ओलांडली आहे. भात लावणं त्यांनी सोडलं. सोडलं म्हणजे काय, शेतच सुटलं. रस्त्याकडच्या मोठ्या तुकड्यावर भावाने भराव घातला, आता तिथे ट्रेलर उभे असतात. मागे नाल्याच्या कडेला एक चिंचोळी पट्टी उरली आहे, तेवढ्यात बाबा अजून वाल टाकतात.

त्या रात्री मी नवऱ्याला सांगितलं, "या रविवारी पोपटी."

तो म्हणाला, "भांबुर्डा कुठून आणणार?"

मला वाटलं, हा काय प्रश्न आहे. भांबुर्डा काय कुणी आणतं? तो बांधावर असतोच, माजलेला, पायाखाली. पण भावाला फोन केला तर तो म्हणाला, "भरावाखाली गेला सगळा, ताई. पट्टीवरचा बाबांनी वालासाठी तण म्हणून काढून टाकलाय."

मग मी शोधायला निघाले. कोलशेतला आमच्या टॉवरच्या मागे खाडीच्या बाजूला थोडी मोकळी जागा होती, ती आता पत्र्यांनी बंद केलेली. दोन दिवस मी ऑफिसला जायच्या आधी पत्र्यांच्या कडेकडेने, बंद पडलेल्या कंपन्यांच्या भिंतींजवळ हिंडले. सकाळी सगळीकडे पांढुरकं दिसायचं, मला बरं वाटायचं, धुकं पडलंय. घरी येऊन तोंड पुसलं की रुमाल काळा. धुकं कसलं, धूळ होती ती. आणि थंडी? रात्री पंखा लागत होता. मनात आलं, मी जिच्यासाठी एवढी धावतेय ती थंडी तरी कुठे आहे?

शेवटी एका बंद गेटाच्या आत भांबुर्डा दिसला. पानं गजातून हात घालून चुरगळली, तोच कापरासारखा उग्र वास. तिथल्या वॉचमनने विचारलं, "मॅडम, ये घास का क्या करोगे?" मी म्हटलं, खाना बनाना है. त्याने माझ्या ऑफिसच्या बॅगेकडे पाहिलं, मग आत जाऊन दोन मुठी उपटून दिल्या. त्या पुरणार नव्हत्या, पण मी घेतल्या. ऑफिसात दिवसभर माझ्या टेबलाखाली तो वास दरवळत होता आणि शेजारची मुलगी पुन्हा पुन्हा विचारत होती, "कुणी बाम लावलाय का?"

मडक्याची गोष्ट तर सांगायलाही नको. टेंभी नाक्याच्या पुढे बाजारात मी संध्याकाळभर फिरले. मडकी भरपूर, पण सगळ्यांना नळ. कुणाला फुलं रंगवलेली, कुणाला झाकणावर पोपट. साधं, बिननळाचं मडकं कुणाकडेच नाही. एकाने सांगितलं, त्या गल्लीत मिळेल. गेले. दुकानात बांबू रचलेले, पांढरं कापड, तुळशीच्या माळा. मला कळलं तोवर दुकानदाराने मडकं पुढे ठेवलेलं. एकदम हलक्या आवाजात त्याने विचारलं, "घरातलंच कुणी का, ताई?"

"नाही हो," मी म्हटलं. "शेंगा भाजायच्यात."

तो बघतच राहिला. मीही त्या मडक्याकडे बघत राहिले. मडकं चांगलं होतं, जाड, नीट भाजलेलं. घ्यावं की नाही? दुसरीकडे मिळणार नव्हतं, आणि रविवार दोन दिवसांवर आलेला. मी ते घेतलं, रिक्षात मांडीवर धरून घरी आणलं, आणि कुठून आणलं हे नवऱ्यालाही सांगितलं नाही. बाबांना सांगायचा तर प्रश्नच नव्हता.

रविवारी आम्ही दोघं सकाळी निघालो. शीळफाट्याला नेहमीसारखी गाड्यांची रांग. पोचेपर्यंत ऊन डोक्यावर आलेलं. बाबा पट्टीवर गेलेलेच होते. डोक्याला मफलर, अंगात स्वेटर, आणि आम्ही घामाघूम.

"यवढा उशीर?" ते म्हणाले. "दव कवाच उरून गेला."

पण शेंगा त्यांनी तोडून ठेवलेल्या होत्या, टोपलीभर. हिरव्यागार, फुगलेल्या. वेलांच्या पलीकडे नाला, नाल्याच्या पलीकडे नवीन टॉवर. तोही कुणाच्या तरी शेतावरच उभा. मी खाली बसून टोपलीत हात घातला आणि तेवढ्यापुरतं मला खरंच बरं वाटलं. वहिनी कोंबडीला मसाला लावून घेऊन आली. भाऊ उशिरा आला, फोनवर बोलत. त्याचा पाण्याच्या टँकरचा धंदा आहे, त्याचा फोन कधी बंद नसतो.

बाबांनी मडकं हातात घेऊन टिचकी मारली. "बेस हाय," म्हणाले. मी दुसरीकडे बघितलं. पाला कमी पडला तेव्हा त्यांनी वालाचीच पानं वरून दाबली. "चालल," म्हणाले. पेंढा नव्हता. पेंढा आता कुणाकडे असणार? भावाने ट्रेलरवाल्यांकडून लाकडी फळ्या आणि सुकं गवत आणलं. पेटवलं. आधी नुसता धूर झाला, मग जाळ धरला. बाबा उकिडवे बसून काटकीने निखारे आत लोटत होते. वहिनी म्हणाली, "आत्ता वास सुटला बघा." खरंच सुटला. ओव्याचा, पाल्याचा, करपलेल्या मातीचा. मी नवऱ्याला म्हटलं, "आला ना नाकात?" तो हसला.

तेवढ्यात नाल्यावरच्या फळीवरून एक गार्ड आला. पलीकडच्या टॉवरचा. बिचारा तरुण होता, टोपी हातात.

"आग बुझाना पडेगा," तो म्हणाला. "ऊपर से कंप्लेंट आया है. धुआँ जा रहा है घर में."

मी उठले. "हमारा खेत है. दस-पंधरा मिनिट में हो जाएगा."

"ग्रुप पे सब लिख रहे हैं, मॅडम. मेरे को बोला फोटो भेजो बुझने का."

माझं डोकंच फिरलं. मी त्याला मराठीतच सुनावलं, की इथे दिवसरात्र सिमेंटच्या गाड्या धूळ उडवतात ती चालते का? नाल्यात तुमचं सांडपाणी येतं ते चालतं का? वर्षातून एकदा आम्ही मडकं लावलं तर तुमच्या नाकाला झोंबतं? त्याला त्यातलं निम्मं कळलं नसेल. तो माझ्याकडे न बघता भावाकडे बघत होता. आणि भाऊ, मी बोलत असतानाच, बादली घेऊन आला.

"थांब," मी म्हटलं. "काय करतोयस?"

"ताई, बस झालं. माझे टँकर रोज त्यांच्याच गेटातून आत जातात."

"मग?"

"मग काय? तू संध्याकाळी जाशील निघून. मला इथेच राहायचंय."

"बाबांसाठी दहा मिनिटं थांबता येत नाही तुला?"

त्यावर तो माझ्याकडे वळला. "आणि तू राहतेस तो टॉवर कुणाच्या शेतावर उभा आहे गं? तिकडे कुणी पोपटी लावली तर तुमची सोसायटी फुलं टाकणार आहे?"

मी आणखी मोठ्याने ओरडले. काय ओरडले ते आता आठवत नाही. त्याने पाणी ओतलं. फस्सकन वाफ उठली आणि त्या वाफेतच मडकं तडकल्याचा आवाज झाला. गार्डने फोटो काढला, "सॉरी हां अंकल," असं बाबांना म्हणाला आणि फळीवरून परत गेला.

भाऊ बादली घेऊन बाजूला झाला. बाबा मात्र पुढे सरकले आणि खापऱ्या बाजूला करायला लागले. मी म्हटलं, "बाबा, राहू द्या." त्यांनी एक शेंग सोलली, दाणा तोंडात टाकला, चावून बघितला. "आर्धी शिजलीय," म्हणाले, आणि दुसरी घेतली. राखेचं पाणी शेंगांना लागलेलं, तरी ते एक-एक निवडून टोपलीत टाकत होते, जसं काही झालंच नाही. मला भावाचा राग आला होता, गार्डचा आला होता, वरच्या मजल्यांवरच्या न दिसणाऱ्या माणसांचा तर आलाच होता. पण बाबांच्या त्या शांतपणाचा सगळ्यात जास्त आला. एकदा तरी त्यांनी भावाला झापावं, एक शिवी द्यावी, असं मला वाटत होतं.

"तुम्ही काहीच बोलत नाही," मी म्हटलं.

"तू बोललीस ना," ते म्हणाले. "त्याने काय आग पेटली?"

घरी आल्यावर वहिनीने सगळं धुऊन कुकरला लावलं. कोंबडीचा वेगळा रस्सा केला. टाइल्सच्या हॉलमध्ये पंखा लावून आम्ही जेवलो. भाऊ ताटावर बसला, पण माझ्याशी बोलला नाही, मीही नाही. बाबांनी कुकरातल्या शेंगा खाल्ल्या. मी विचारलं, "कशा झाल्यात?"

"शिजल्यात," ते म्हणाले. आणखी एक शेंग सोलून म्हणाले, "शिजल्यात म्हंजे पोपटी नाय झाली."

वहिनी वाईट वाटून म्हणाली, "पुढच्या वेळी लांब कुठंतरी लावू." कुठे लावणार ते तिलाही माहीत नव्हतं.

परतीच्या वाटेवर नवरा माझी समजूत घालत होता, की भावाचीही बाजू आहे. आहे, मला कळत होतं. म्हणूनच तर जास्त चीड येत होती. ज्याच्यावर धड चिडता येईल असं कुणीच नव्हतं. तो गार्ड तर बिचारा नोकरीच करत होता.

पुढचे कितीतरी दिवस भावाचा फोन नाही, माझाही नाही. फेब्रुवारी लागला तेव्हा मी बाबांना फोन केला. म्हटलं, माझ्या मैत्रिणीचं गाव पनवेलच्या पुढे आहे, तिथे अजून मोकळी जागा आहे, आपण जाऊ, मी गाडी करते.

"आता नको," ते म्हणाले. "शेंगा जून झाल्या. आता बिरडा कर."

मला फोन आपटावासा वाटला. आणखी एक हिवाळा गेला होता आणि त्यांना त्याचं काहीच नव्हतं.

त्यानंतर एका संध्याकाळी भाऊ आमच्या गेटाशी आला. घोडबंदरला काही काम होतं म्हणे. मी खाली गेले. त्याच्या हातात वालाची पिशवी होती, दाणे बाबांनी सोलून वाळवलेले.

"बाबांनी दिलेत."

"वर चल. चहा घे."

"नको, गाडी डबल पार्क केलीये." तो जायला वळला, मग थांबला. "तू गेल्यावर बाबांनी झापलं मला. आठ दिवस बोलत नव्हते."

"मला नाही सांगितलं त्यांनी."

"तुला सांगून काय, तू परत आली असतीस भांडायला," तो म्हणाला आणि गेला. तो हसत होता की काय, ते पाठमोरा असल्याने मला कळलं नाही.

मी वाल भिजवले, दुसऱ्या रात्री फडक्यात बांधले, मोड आल्यावर सकाळी गॅलरीत बसून एक-एक सोलले. वाल सोलायला जीव जातो. खाली कुठलंतरी ड्रिल चालू होतं. पाठीवर ऊन होतं, पण ते आता चटके देणारं ऊन होतं, शेकायचं नव्हे. बिरडं चांगलं झालं. नवऱ्याने दोनदा घेतलं आणि विचारलं, "मस्त ना?"

"ठीक आहे," मी म्हटलं.