बियाण्याचा भोपळा

महाराष्ट्र होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील. मोताळ्याकडच्या आमच्या गावी मी दिवसा कापूस वेचायचो आणि संध्याकाळी भजनात गायचो. शेतकऱ्यानं गाऊ नये असं घरात कुणी म्हणत नव्हतं. मलाच वाटे, हे शेत माझ्या गाण्याच्या आड येतं. तेव्हाचा तो तोरा आठवला की लाज वाटते.

मायचा एक नेम होता. गोठ्याच्या छपरावर चढवलेल्या दुधीभोपळ्याच्या वेलावर एक गोल भोपळा ती बियाण्याला ठेवी. वेल वाळला, आत बिया खुळखुळल्या, की मगच तो उतरायचा. मिरगात आळीतल्या बाया तिच्याकडून बी नेत. तिच्याकडं असतंच म्हणून दुसरं कुणी ठेवत नसे, आणि तीही सगळं वाटून मोकळी होई.

त्या कार्तिकात मलकापूरला भजनाची स्पर्धा होती. मला स्वतःची एकतारी हवी होती आणि तिच्या खालच्या पोकळ खोपडीसाठी छपरावरचा भोपळा डोळ्यांत भरला होता. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग! नख लावलं तर ते आत गेलं. कच्चा आहे हे कळत होतं, तरी माय शेतात गेलेली पाहून मी तो उतरवला, वरून कापला आणि पोकळ केला. बिया पांढऱ्या, मऊ निघाल्या.

संध्याकाळी मायनं एक बी बोटांत दाबून पाहिलं.

"काऊन घाई केली बे?" ती म्हणाली. "महिनाभर थांबला असता त बी मले अन् खोपडी तुले झाली असती. गोल व्हावा म्हणून तुह्यासाठीच त खाली गवत सारलं होतं."

आठ दिवसांत खोपडीला सुरकुत्या पडल्या आणि ती चेपून बसली. स्पर्धेत मी दुसऱ्याची एकतारी घेऊन गायलो. नंबर आला नाही, पण त्याचं दुःख फार टिकलं नाही.

मिरगात बाया नेहमीसारख्या बी मागायला आल्या. मी आतल्या खोलीत होतो. जन्मात खोटं न बोललेली माझी माय दारात म्हणाली, "औंदा नाही हो बाई. उंदरायनं खाल्लं."

बाया उंदरांना शिव्या देत गेल्या. मी बाहेर जाऊन खरं सांगायला हवं होतं. चारचौघांत गाताना मी कधी लाजलो नाही, पण त्या दिवशी मी आतल्या खोलीतून बाहेर आलो नाही.