चार बाटल्यांच्या बदल्यात

पोटाच्या कॅन्सरचं ऑपरेशन ठरलं तेव्हा माझं हिमोग्लोबिन सहावर आलं होतं. डॉक्टर म्हणाले, चार बाटल्या रक्त चढल्याशिवाय हात लावणार नाही. रक्तपेढीचा रिवाज असा, की चार बाटल्या हव्यात तर बदल्यात चार रक्तदाते आणा. कुठल्याही गटाचे चालतील.

आमच्या ह्यांनी नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कळवलं. माणसं साठ. लगोलग एकोणीस जणांचे जोडलेले हात आले. दिरांना चतुर्थीचा उपास होता. दुसऱ्या दिवशी विचारलं तर उपासाचा थकवा. भाच्याला म्हणे सुई पाहून भोवळ येते. दंडावर हा एवढा वाघ गोंदवून घेतला, तेव्हा बहुधा डोळे मिटून घेतले असतील. जाऊबाई मात्र प्रत्यक्ष आल्या आणि अर्धा तास सांगत बसल्या, की वेळेवर बीट खाल्लं असतंस तर ही पाळी आली नसती. मी मरणाला घाबरले होते आणि त्या बीट कसं किसायचं ते सांगत होत्या.

तिसऱ्या दिवशी हे मला न विचारता कसब्यातल्या आमच्या चौकातल्या गणेश मंडळाकडे गेले. विचारलं असतं तर मी जाऊ दिलं नसतं. तेरा वर्षं मी त्या मंडळाच्या स्पीकरविरुद्ध पोलिसांकडे लेखी तक्रार करत होते, रीतसर पोच घेऊन. त्यांच्या रक्तदान शिबिराला मी डब्याचं शिबिर म्हणायचे, कारण रक्त दिलं की स्टीलचा डबा मिळायचा.

तासाभरात मंडळाचे अध्यक्ष आणखी तिघांना घेऊन हजर झाले. चौघांनी रक्त दिलं, कॉफी प्यायली आणि मला न भेटताच गेले. डबा कुणी मागितला नाही. ऑपरेशन झालं. बरंचसं पोट गेलं, मी राहिले. आता दर दोन तासांनी वाटीभर खाते. जाऊबाई अजून फोनवर बिटाची चौकशी करतात.

यंदा गणपतीत भर दुपारी स्पीकर सुरू झाला. सवयीनं मी कागद पुढे ओढला, वर तारीखही घातली. मग माझी मलाच लाज वाटली. जिना उतरून मांडवात गेले आणि अध्यक्षांना म्हटलं, "अहो, आवाज जरा कमी कराल का? मला जेवल्यावर पडावं लागतं."

त्यांनी स्वतः उठून आवाज कमी केला.

"एवढंच ना, बाई? आधी सांगायचं होतं."

तेरा वर्षांत मी त्यांच्याशी बोललेलं ते पहिलं वाक्य होतं.