देवाच्या गालावरचा हिरवा

"मॅडम, तुमचा रंग फुटलाय. देवाचा गाल हिरवा पडलाय."

हमरापूरहून पार्वतीबाईंचा फोन आला तेव्हा मी रोह्याला आमच्या रंगाच्या कंपनीत, लॅबमध्ये होते. त्यांचा गणपतींचा कारखाना. रंग फुटला म्हणजे मिसळलेले रंग वेगळे होऊन भलताच रंग वर आला. अशा तक्रारी बघणं हीच माझी नोकरी. बॉस म्हणाले, "बॅच चेक करा. आपली चूक नसेल तर तसं सांगून या."

मी तडक हमरापूर गाठलं. ती मूर्ती रोह्याच्या एका मंडळाची, पार्वतीबाईंच्या सीझनमधली सर्वांत मोठी. दुपारी टेम्पो यायचा होता. मूर्तीच्या अंगाच्या गुलाबी रंगाला बॉडी कलर म्हणतात. त्यातच जरा तपकिरी घालून सावली काढायची, ही इथली जुनी रीत. इथे मात्र गालाखाली आणि सोंडेच्या वळणात चक्क हिरवा. मी बोट फिरवून पाहिलं. रंग फुटला नव्हता, कोणीतरी जाणूनबुजून मारला होता.

मारणारे होते पार्वतीबाईंचे दीर, सदानंद. हे मुंबईत चित्रकार. माणसांचे चेहरे हिरवे-केशरी रंगवतात म्हणून आधी लोक हसले, मग तीच चित्रं बघायला गर्दी करू लागले. त्यांचं एक प्रदर्शन बघून मीही चक्रावले होते. यंदा रंगारी आजारी पडला, म्हणून ते वहिनीच्या मदतीला आले होते.

"चित्राचं ठीक हाय, पण हा देव हाय," पार्वतीबाई म्हणाल्या. "मंडळानं नाय म्हटलं तर एवढी मूर्ती मी कुठं नेऊ? वरनं बॉडी कलर मारून झाकू का? तुम्हीच सांगा."

बॅच ठीक होती. तेवढं सांगून माझी सुटका झाली असती, पण तो हिरवा पुसायला माझं मन होईना. सदानंद ब्रश धूत होते. ते एवढंच म्हणाले, "रस्त्यावरून बघा."

कारखान्यात मूर्ती हातभर अंतरावरून रंगवतात आणि तपासतातही तिथूनच. मंडपात इतक्या जवळ कोण जातो? मी पार्वतीबाईंना हाताला धरून रस्त्यापलीकडे नेलं. मागे वळून पाहिलं तर हिरवा कुठे दिसेना. त्याच्या शेजारचा गुलाबी मात्र असा उजळला होता, की आत रक्त वाहतंय असं वाटावं. बाजूच्या मूर्ती त्यापुढे प्लास्टिकच्या वाटत होत्या. विरोधी रंग शेजारी ठेवला की काय होतं ते मी कॉलेजात शिकले होते. ऊर भरून आला तो मात्र त्या दिवशी.

महिनाभर त्याच मूर्तीच्या पायाशी बसून पार्वतीबाई चहा पीत होत्या. आता त्यांनी डोक्यावर पदर घेतला.

मग तिथूनच हाक मारली, "भावजी, डोळे आखा."

डोळे सर्वांत शेवटी आखतात. त्यानंतर अंगाच्या रंगाला कोणी हात लावत नाही.

मंडळाने मूर्ती नेली आणि पुढल्या वर्षी तशीच मागितली. आता हमरापुरात बहुतेक कारखान्यांत सावलीला हिरवा लागतो, आणि आमची कंपनी तो डब्यात भरून विकते. तक्रार आली की मी अजूनही बॅच तपासते. पण त्याआधी विचारते, तुम्ही कुठे उभे राहून बघताय?