फाटकाला कुलूप

कॉलेजात राज्यशास्त्र शिकवणाऱ्या बाईंना सोसायटीतले लोक पाठीमागे ‘घटना’ म्हणत. कारण कुठल्याही भांडणात त्या आधी तत्त्व काढत, मग चहा.

पलीकडच्या वस्तीतली माणसं सोसायटीच्या मागच्या फाटकातून मोठ्या रस्त्याला लागत. चोरीची एक आवई उठली आणि सभेत ठराव आला, फाटक कायमचं बंद. भराभर हात वर झाले. त्यात सेक्रेटरींचाही, म्हणजे बाईंच्या नवऱ्याचा.

बाई एकट्याच उठल्या. “उद्या आपण फाटकाच्या कुठल्या बाजूला जागे होऊ, हे ठाऊक नाही असं समजा. मग काय ठरवाल?”

“आम्हाला ठाऊक आहे की, बाई!” कुणीतरी म्हणालं. सगळे खो खो हसले.

पुढच्याच रविवारी भर दुपारी फाटकावर आरडाओरडा झाला. बाई धावत खाली आल्या. गजांपलीकडे एक पोटुशी मुलगी आडवी पडून विव्हळत होती. तिची सासू गज धरून गदागदा हलवत होती. बोलावलेली रिक्षा अलीकडे उभी.

“कुलूप काढ!” बाई वॉचमनवर ओरडल्या.

“किल्ली साहेबांकडे आहे. सभेत ठरलंय ना, बाई.”

नवरा किल्ली घेऊन उतरेपर्यंत बाळ तिथेच, धुळीत जन्मलं. रडेना. सासूने त्याला पालथं धरून पाठ चोळली, तेव्हा कुठे बारीक आवाज फुटला. वर गॅलऱ्या माणसांनी भरल्या होत्या. खाली कुणीही उतरलं नव्हतं.

बाईंनी पुन्हा सभा बोलवायला लावली.

“वाचलं ना पोर? मग झालं तर!” अध्यक्ष म्हणाले. पुन्हा हात वर झाले. या वेळी नवऱ्याचा हात मांडीवरच राहिला, तरी फाटक बंदच ठेवायचा ठराव मंजूर. बहुमत म्हणजे न्याय नव्हे, हे बाई वर्गात कितीदा सांगत आल्या होत्या. पण ते असं दिसतं?

सकाळी त्यांनी हातोडीने कुलूप फोडलं आणि ते अध्यक्षांच्या टेबलावर नेऊन ठेवलं. “ठराव मी मोडलाय. सगळ्यांदेखत. काय कारवाई करायची ती करा.”

तक्रार झाली. बाई स्वतःहून चौकीत गेल्या. नवरा बरोबर आला.

प्रकरण अजून कोर्टात आहे. नवं कुलूप लावायला कुणी धजलेलं नाही. शेजारीण मात्र जिन्यात तोंड फिरवते. बाईंच्या आजारपणात हीच रात्र रात्र उशाशी बसली होती. इतक्या मायेच्या शेजारणीचा हात दोन्ही वेळा वर कसा गेला, या धक्क्यातून बाई अजून सावरलेल्या नाहीत.