उतू न गेलेलं दूध
नारळाचं दूध तापल्याचा वास आला की मला सावेडीतला तो गाळा आठवतो. पुण्यातली नोकरी सोडून मी नगरला परत आले होते आणि दूध, दही, तूप काहीच न वापरणारं जेवणाचं दुकान काढलं होतं. उद्घाटनाच्या सकाळी आईने नव्या शेगडीला हळदकुंकू लावलं आणि पिशवीतून गावाकडचं गाईचं दूध काढलं. नव्या शेगडीवर पहिलं दूध उतू गेलं की भरभराट होते, अशी आमच्याकडे रीत. "आई, इथे तरी गाईचं नको," असं म्हणून मी पातेल्यात नारळाचं दूध ओतलं. सगळे पाहुणे भोवती येऊन थांबले. दूध काही वर येईना. मी हट्टाने गॅस मोठा केला, तसं ते फुटलं. वर तेल, खाली गुठळ्या आणि करपल्याचा वास. "आगं, दूधच न्हाई ते, उतू काय जानार?" गावाहून आलेले मामा म्हणाले. कुणी हसलंसुद्धा नाही. पाहुणे चहा कुठे मिळेल ते विचारत पांगले. "होईल गं सगळं," म्हणत आई कितीतरी वेळ शेगडी पुसत राहिली, आणि शेगडीवर तर पुसण्यासारखं काहीच सांडलं नव्हतं. दुकान वर्षभरही चाललं नाही. ती शेगडी आता आईच्या ओट्यावर आहे. सकाळी तिच्यावर कधी दूध उतू गेलं, की आई माझ्याकडे न बघता घाईघाईने फडकं शोधते.